खोकल्याची जागा

रत्नागिरी,
ता. २० जानेवारी १९८५

प्रिय काशीराम,

रावजीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक, म्हणजे कान सोडून सगळं ठीक. दिल्लीची निवडणूक उरकली म्हणून कर्णे उतरवतोय तोच मुंबईची आली. तिन्ही पक्षांच्या जीपवर कर्णे माझेच. परवा गोखले नाक्यावर दोन जीपा समोरासमोर आल्या, रस्ता कोणी सोडेना. दोन्हीकडून जो गोंगाट झाला तो ऐकताना वाटलं, हा रावजीच रावजीशी भांडतोय आणि बाजार मधे उभा राहून बघतोय.

सायकलच्या कॅरियरला एक कर्णा बांधून धंदा सुरू केला त्याला सत्तावीस वर्षं झाली. इतकी वर्षं सभा ऐकून माणूस हुशार होत नाही, दमतो. आपल्या आंबेकोंडच्या ओढ्यावरचा साकव आतापर्यंत पाच जणांनी बांधला. पाचही वेळा माझ्याच माईकवरून बांधला. वहाळ अजून चप्पल हातात घेऊनच ओलांडावा लागतो. सभेत मला एकच वाक्य खरं वाटतं, आणि ते मीच सभा सुरू व्हायच्या आधी बोलतो, "हॅलो, माईक टेस्टिंग."

असो. पत्र लिहायचं कारण वेगळं. गेल्या रविवारी आंबेकोंडला देवळात गावबैठक झाली. मी मामीला औषध द्यायला गेलो होतो, म्हणून सतरंजीच्या कडेला बसलो. मी पडलो गावचा भाचा. मला तिथे बोलायचा हक्क नाही, ऐकायचा आहे, आणि तो मी पुरेपूर वापरतो.

तुझे आबा, माझे मामा, गेले त्याला येत्या आषाढात तीन वर्षं होतील. त्यांच्यामागे शिमग्याला जुगाईची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की सगळ्या गावाचं मागणं देवीपुढे मांडायचा, गाऱ्हाणं घालायचा मान तुझा. पहिल्या वर्षी तुझी तार आली, "रजा नाही, आबांची कॅसेट लावा." तेव्हा गावाने मान डोलावली, कारण मामांचा आवाज सगळ्यांनाच आणखी एकदा ऐकायचा होता. मी तो आधीच कधीतरी हौसेने भरून ठेवला होता. पण गेल्या वर्षीही कॅसेटच. आता बाळा उठला. तोच, वरच्या वाडीतला. अलीकडे पडवीत व्हिडिओ लावून पिक्चर दाखवतो, आणि सरपंच व्हायची तयारी चालली आहे.

"दोन वर्षं देवीसमोर मशीन बोलतंय," तो म्हणाला. "मशीनला सोयरसुतक नाय, आंघोळ नाय. गाऱ्हाणं जित्या माणसानं घालायचं. मानकऱ्याला येळ नसंल तर दुसरं घर बघा."

सखारामतात्या बसल्या जागेवरून म्हणाले, "तुझ्या पडवीत रोज तिन्हीसांजेला मशीन नाचतंय, ता चालतं?"

"तिथं देवी बसत नाय."

"बसत नाय, पण कानावर तर जातंच की तिच्या!"

हशा झाला, पण हशाने ठराव पडत नाही. शेवट असा झाला की या शिमग्याला काशीरामाने स्वतः येऊन उभं राहायचं. नाही आला तर मान बाळाच्या घरात, कायमचा. सहा मार्चला होळी, सातला सकाळी पालखी सहाणेवर बसेल. आठ दिवसांची रजा काढ. मामीला मी अजून काही बोललो नाही, पण देवळाच्या भिंतीला लागूनच तुमच्या घरापुढचं खळं. तिने ऐकलंच असणार.

तुझा,
रावजी


मुंबई ४,
ता. २९ जानेवारी १९८५

रावजीदादास काशीरामचा नमस्कार.

पत्र मिळालं. साकवाचं वाचून खोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. रघू म्हणाला, साकव नकोच, नाहीतर पुढचे उमेदवार काय बांधतील? आम्ही गाववाले या एका खोलीत अठराजण आहोत. नळाला चारला पाणी येतं, त्यामुळे कोण कधी झोपतो आणि कोण कधी उठतो हे मलाच अजून कळलेलं नाही. चाळीच्या भिंतीवर तीन पक्षांनी तीन चिन्हं रंगवली आहेत. भिंत पुरली नाही म्हणून एकाने अर्धं चिन्ह जिन्यात काढलं. म्हातारी माणसं अंधारात त्याला धरून चढतात. एवढा तरी त्या पक्षाचा उपयोग.

थेटरात बरं चाललंय. नवीन पिक्चर लागलाय, शनिवार-रविवार हाऊसफुल्लचा बोर्ड लावावा लागतो. मॅनेजर रजेचं नाव काढू देत नाही. तुला माहीत आहे, डोअरकीपर एक कमी झाला तर बाल्कनी कोण बघणार? म्हणून या वर्षीही जमेलसं दिसत नाही. गावाला तूच समजाव. आबांचा आवाज असताना माझं काय अडलंय? त्यांच्यासारखं मला या जन्मात जमणार नाही. त्यांनी मला बसवून शिकवायचा प्रयत्न केला होता तेव्हा मी काय बोललो ते तुलाही आठवत असेल. "देवीला सगळं कळतं तर वरडून कशाला सांगायचं?" त्यांनी बिडी पेटवली आणि खळ्यात जाऊन बसले. त्यानंतर मी मुंबईला आलो तो आलोच.

पण तुझं पत्र आल्यापासून एक मनात आहे. त्या कॅसेटची कॉपी मला पाठव. चोवीस वर्षं मी पडद्याकडे पाठ करून दारात उभा राहिलो. पिक्चर एकही धड पाहिला नाही, पण संवाद सगळे पाठ आहेत, रडणं कुठे आणि टाळी कुठे त्यासकट. मला ऐकून पाठ होतं. कोण जाणे, कधीतरी उपयोग होईल. खाली सावित्रीबाईंच्या खानावळीत टेप आहे, तिथे लावीन.

परवा दुपारी तीनच्या सुमारास चौपाटीवर बसलो होतो. समुद्र इथलाही तसाच आहे, पण त्याच्याकडे कोणी पाहत नाही, सगळे भेळेकडे पाहतात.

आईला नमस्कार सांग.

काशीराम


रत्नागिरी,
ता. ५ फेब्रुवारी १९८५

प्रिय काशीराम,

पत्र पोचलं. मामीला वाचून दाखवलं, रजेचा भाग सोडून. तिने तोच भाग विचारला.

इकडे प्रचाराला ऊत आलाय. काल मिरकरवाड्याला सभा होती. बोटी लागल्या, लिलाव सुरू झाला आणि त्याच वेळी उमेदवार बोलायला उभे राहिले. लिलाववाल्याला माईक नाही, काही नाही, पण लोक त्याच्याभोवती. उमेदवार मला म्हणतात, "रावजीशेठ, आवाज वाढवा." मी म्हटलं, "साहेब, आवाज भरपूर आहे. पापलेट कमी पडतंय." रागावले नाहीत. निवडणुकीत माणसं फार गोड असतात. त्यांच्या प्रेमळपणानेच मला जास्त थकवा येतो.

संध्याकाळची नाटकं, नमन-खेळे यांची आमंत्रणं आता कमी झाली आहेत. लोक व्हिडिओ भाड्याने आणतात आणि रात्रभर तीन पिक्चर पाहून सकाळी पेंगत कामाला जातात. नमनाला शंभर माणसं लागायची, नाचायला वीस आणि चुका काढायला ऐंशी. व्हिडिओला चुका काढून उपयोग नाही, तो ऐकत नाही.

कॅसेटचं म्हणशील तर सध्या जमणं कठीण आहे. कॉपी करायला दोन डेक लागतात, त्यातला एक दुरुस्तीला पडलाय. शिवाय मूळ कॅसेट जुनी झाली, पुन्हापुन्हा लावली तर आवाज पुसट होतो. निवडणूक होऊ दे, मग बघू. त्यापेक्षा तूच ये. मामांचं गाऱ्हाणं काही एवढं मोठं नाही. इथे चार दिवस आधी आलास तर बसून करू.

एक विचारायचं राहिलं. दुपारी तीनला तू चौपाटीवर काय करत होतास? तीनच्या खेळाला बाल्कनीचा दरवाजा कोण धरतो?

रावजी


मुंबई ४,
ता. १३ फेब्रुवारी १९८५

रावजीदादास,

पत्र मिळालं. खोटं बोलायला तू माझ्यापेक्षा कच्चा आहेस. तुझ्या दुकानात दोन नाही, तीन डेक आहेत. मी मे महिन्यात माझ्या डोळ्यांनी पाहिले. एका डेकवर तू चहाचा कप ठेवतोस.

रघू चार दिवस गावी जाऊन आला. तो सांगत होता की बाळा दिवसभर तुझ्या जीपमधून फिरतो. तूच त्याला माईक देतोस, तूच चहा पाजतोस, आणि गावोगाव त्याची ओळख तुझ्या कर्ण्यातून होते. मला वाईट वाटलं. धंदा आहे, मान्य. पण मी आबांचा आवाज मागतोय, दुसरं काही नाही. तो द्यायला तुला इतकं का जड जातंय? मान बाळाकडे गेला तर पुढच्या शिमग्यापासून त्याचे कर्णे कायम तुझेच, असं काही ठरलंय का?

तू आमच्या घरात वाढलास. आत्या वारली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, आबांनी तुला खांद्यावर घालून आणलं. माझ्या वाटणीचं दूधसुद्धा तू प्यायलास, असं आई हसून सांगते. तूच असं वागशील हे मनात आलं नव्हतं.

राग आला असेल तर येऊ दे. पण कॅसेट पाठव.

काशीराम


रत्नागिरी,
ता. १८ फेब्रुवारी १९८५

काशीराम,

तुझ्या पत्राचा राग आला नाही. दुधाचं खरं आहे. आता तू एक खरं सांगितलंस तर मीही सांगतो. दुकान बंद करून, शटर अर्धं ओढून लिहितोय, कारण हे दुसऱ्या कोणाच्या कानावर जायला नको. आणि कान काय चीज असते ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

कॅसेट नाही.

गेल्या वर्षी शिमग्याच्या दिवशी सकाळी मी सहाणेमागच्या खोलीत मशीन लावलं. लोक यायच्या आधी एकदा तपासून घ्यावं म्हणून कॅसेट सुरू केली. "बा देवा म्हाराजा, बारापाचाच्या म्हाराजा..." एवढं झालं आणि डेकने टेप गिळायला सुरुवात केली. बंद करेपर्यंत आत सगळी गुंडाळी झाली होती. पेन्सिलीने ओढून काढायला गेलो तर तीन ठिकाणी तुटली. काशीराम, मामा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. त्या दिवशी खोलीत बसून, ती तपकिरी फीत हातात धरून रडलो.

बाहेर ढोल जवळ आला. पालखी सहाणेवर बसली. सखारामतात्यांनी खिडकीतून हात केला, लाव म्हणून.

मी माईक हातात घेतला, मशीनवरची ताडपत्री अंगावर ओढली आणि स्वतःच गाऱ्हाणं म्हटलं.

मला येतं रे. तुला मामा बसवून शिकवत होते तेव्हा मी पलीकडे भाताच्या कणगीला टेकून पुस्तक वाचत असल्यासारखा बसायचो. तुला एक ओळ येईपर्यंत मला दहा यायच्या. पण मी भाचा. मान लेकाकडे जातो, बहिणीच्या लेकाकडे जात नाही, हे मला कोणी सांगितलं नाही आणि सांगावं लागलंही नाही. त्या दिवशी मामांच्याच आवाजात, त्यांच्यासारखा श्वास तोडत, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. बाहेर गावाने प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" दिलं. कोणाला कळलं नाही. ताडपत्रीखाली रिकाम्या डेकचं चाक फिरत होतं आणि मी घामाघूम. वरच्या वाडीतला बाळा पुढच्या रांगेत हात जोडून उभा. मशीन बोलतंय म्हणून त्याची आज जी तक्रार आहे ती चुकीची आहे. गेल्या वर्षी मशीन बोललंच नव्हतं. पण खरं सांगावं तर गुन्हा त्याहून मोठा. दुसऱ्या घराच्या माणसाने, हक्क नसताना, देवीला फसवून गाऱ्हाणं घातलं. वर्षभर मी वाट पाहत होतो की काही वाईट होईल. काही झालं नाही. भात चांगलं आलं, आंबाही आला. म्हणजे देवीने ऐकलं, की ऐकूनही सोडून दिलं, कळत नाही.

एका माणसाला मात्र कळलं. संध्याकाळी निघताना मामीला सांगायला गेलो. ती पडवीत कुळीथ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "रावज्या, मशीन सुधारलं वाटतं."

"म्हणजे काय मामी?"

"तुझ्या मामाला काशीच्या नावावर खोकला यायचा. दर वर्षी. मशीनमधीपण यायचा. आज नाय आला."

मग आठवलं. "माझा काशीराम पोटापाण्यासाठी मुंबयला गेला हाय, त्याच्या पाठीशी उभी रहा," असं ते मागायचे. "माझा काशीराम" म्हटलं की थांबायचे आणि खोकायचे. मी लहानपणापासून समजत होतो बिडीचा खोकला. मी सगळं घोकलं, तो खोकला गाळला. मामीने सुपातले खडे वेचले आणि म्हणाली, "च्या घेऊन जा." त्यानंतर आजपर्यंत तिने तो विषय काढलेला नाही.

आता बाळाचं. तो माझ्या जीपमध्ये बसतो, खरं आहे. सगळेच बसतात. पण मान त्याच्याकडे गेला तर मी आंबेकोंडला पुन्हा कर्णा लावणार नाही, हे मी आधीच ठरवलंय. तू उभा राहिलास तर मामांचं घर उभं राहील. मी कितीही बरा आवाज काढला तरी तो ताडपत्रीखालचाच.

चौपाटीच्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस.

रावजी


मुंबई ४,
ता. २५ फेब्रुवारी १९८५

रावजीदादा,

तुझं पत्र चौपाटीवर बसून तीनदा वाचलं. तीन वाजले होते. उत्तर देतो.

थेटर दिवाळीपासून बंद आहे. मालक तिथे दुकानांची इमारत बांधणार. शेवटच्या महिन्यात बाल्कनीत सात माणसं असायची, त्यातली दोन पंख्याखाली झोपायला आलेली. हाऊसफुल्लचा बोर्ड मी स्वतः जिन्याखालून उचलून भंगारवाल्याला दिला. बोर्ड उलटा करून तो त्याच्यावर बसला आणि बाकीचं सामान मोजायला लागला.

खोलीत कोणाला सांगितलं नाही. रोज अकराला डबा घेऊन निघतो, चौपाटीवर खातो, लायब्ररीत पेपर वाचतो, निवडणुकीच्या सभा ऐकतो. सभेत बसायला जागा मिळते. शेवटचा खेळ सुटायच्या वेळेला घरी येतो. चार महिने नोकरीपेक्षा जास्त मेहनत करतोय. रघूला संशय आहे, पण तो चांगला माणूस आहे, उलट मलाच विचारतो, "आज पिक्चर कसा गेला?" आणि मी सांगतो. कधी कधी मीच रचून सांगतो. अलीकडे माझे पिक्चर बरे असतात.

म्हणून येत नव्हतो. रजा काय, रजाच रजा आहे. पण दादा, शिमग्याला मुंबईचा माणूस कसा भरल्या हातांनी येतो ते तुला माहीत आहे. आणि मानकरी म्हणून उभं राहायचं म्हणजे सगळ्या गावाचं मागणं माझ्या तोंडून जायचं. पोरांना नोकऱ्या दे, धंद्याला बरकत दे. ज्याची स्वतःची नोकरी गेली त्याच्या तोंडून ते देवीला तरी पटेल का? आबा त्या बाबतीत मोठे होते. त्यांनी कधी कोणाची नोकरी केलीच नाही.

खोकल्याचं वाचलं. मी समजत होतो माझ्यावरचा राग.

मी येतो. पण मला येत नाही ते कोण म्हणणार? तू भरून दे. आबांच्या आवाजात नको. तुझ्या आवाजात. कोणासोबत तरी लवकर पाठव, दहाच दिवस उरलेत. कॅसेट मिळाली आणि थोडं बसलं की निघतो.

मागच्या पत्रात बाळाबद्दल लिहिलं ते फाडून टाक.

काशीराम


रत्नागिरी,
ता. २८ फेब्रुवारी १९८५

काशीराम,

रातराणीच्या लवू ड्रायव्हरकडे कॅसेट आणि हे पत्र दिलं आहे. सकाळी मुंबई सेंट्रलला गाडी लावली की तो खोलीवर आणून देईल. त्याला चहा पाज, आणि शक्यतो पिक्चरच्या गोष्टी सांगू नकोस, तो गाडी चालवतो.

तीनदा भरली. पहिल्यांदा बाहेरून प्रचाराची जीप गेली आणि "बा देवा म्हाराजा"च्या मागोमाग माझ्याच कर्ण्यातून "मतदार बंधूभगिनींनो" आलं. दुसऱ्यांदा माझा आवाज आपोआप मामांसारखा व्हायला लागला. तिसऱ्यांदा जमलं. मी मुद्दाम खोकलेलो नाही. ती जागा रिकामी सोडली आहे. तिथे काय करायचं ते तू बघ.

एक पथ्य. कागदावर उतरवून घेऊ नको. मामा म्हणायचे, गाऱ्हाणं कागदावर आलं की त्याचा अर्ज होतो, आणि अर्जाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

नोकरीचं मी कोणाला बोलणार नाही. पण मामीपासून लपवायचा विचार असेल तर सोड. तिला नुसता तुझ्या डब्याच्या झाकणाचा आवाज ऐकू आला तरी सगळं कळेल.

रावजी


रत्नागिरी,
ता. १५ मार्च १९८५

प्रिय काशीराम,

पाकिटावर पत्ता लिहिताना हाताने सवयीने मुंबई ४ लिहून टाकलं. मग खोडलं आणि मुक्काम आंबेकोंड लिहिलं. पोस्टातल्या दमयंतीबाई म्हणाल्या, "रावजीशेठ, पाकीट नवीन घ्या." मी म्हटलं, राहू दे, खाडाखोड झालेलंच खरं आहे.

इकडे निवडून आलेल्याची मिरवणूक झाली आणि पडलेल्याची आभारसभाही झाली. दोन्हीकडे मीच. निवडून आलेले साहेब साकवाबद्दल बोलले. पडलेलेही बोलले. मी दोघांचेही माईक नीट पुसून ठेवले.

त्या दिवशी गर्दीत आपलं धड बोलणं झालं नाही. तू समोर उभा होतास, मी मागच्या खोलीत ॲम्प्लिफायरजवळ. तुला जे ऐकू आलं नसेल ते मी ऐकलं, म्हणून लिहितो.

सुरुवातीला तुझा आवाज इतका बारीक होता की मी आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं, तरी खळ्यापलीकडे गेला नाही. दोनदा चुकलास. वाडीची नावं उलटीपालटी केलीस. खिडकीजवळ बाळा पुटपुटला, "चुकला बघा. दोनदा." सखारामतात्या त्याच्याकडे न बघता म्हणाले, "जितं माणूस हाय. चुकणारच. तुलाच जितं माणूस पायजे होतं ना?" त्यानंतर बाळाने सगळ्यात मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं. वाईट माणूस नाही तो. त्याला माईक आवडतो इतकंच, आणि त्याबद्दल मी कोणाला नावं ठेवू?

नोकऱ्यांच्या मागणीला आलास तेव्हा मी बटणावरचा हात काढून घेतला. मला वाटलं, आता अडेल. तू म्हणालास, "ज्येंच्या नोकऱ्या गेल्या, त्येंस्नी तोंड दाखवायचं बळ दे." मामांच्या गाऱ्हाण्यात हे नव्हतं. मग रघूचा आवाज आला, एकट्याचा, "व्हय म्हाराजा," आणि त्याच्यामागून सगळे. मुंबईहून आलेले तर जरा जास्तच. त्या एका खोलीत किती डबे खोटे निघत असतील, देव जाणे.

मग ती जागा आली. तू म्हणालास, "माझा..." आणि थांबलास. स्वतःचं नाव स्वतः कसं घेणार? कर्ण्यातून नुसता तुझा श्वास. चार कर्णे, सहाणेभोवती तीनशे माणसं, आणि सगळ्या सड्याच्या माळावर एका माणसाचा श्वास. मी मागे आपोआप म्हणालो, खोक रे, नुसता खोक. तू खोकला नाहीस. तू म्हणालास, "माझा आतेभाव रावजी. ह्या घरात वाढला. कर्णे लावून सगळ्या मुलुखाचं ऐकतो. त्याचं तू ऐक."

आणि गाव म्हणाला.

काशीराम, चाळीस वर्षं मामांच्या तोंडून आणि एक वर्ष माझ्या स्वतःच्या तोंडून मी ते गाऱ्हाणं ऐकलं. त्यात माझं नाव कधी नव्हतं. असायचं कारणही नव्हतं, मी दुसऱ्या घरचा. मी कधी मनात धरलं नाही, असं मी समजत होतो. तुझ्या शब्दांनंतर पुढची दोन वाक्यं कशी गेली ते मला आठवत नाही. ॲम्प्लिफायरचा दिवा नुसता लाल दिसत होता.

निघताना मामी दारात आली. म्हणाली, "खोकला नाय आला. पन जागा भरली." आणि मला च्या न देता आत गेली. तिला डोळे पुसायचे असावेत. मलाही बरंच झालं.

कॅसेट मामीजवळ ठेव. तिच्यावर गाणी भरू नको.

आणि पुढच्या शिमग्याचं आताच सांगून ठेवतो. मी कर्णा लावणार नाही. सहाणेवर जमतात तेवढ्यांना तुझा आवाज असाच पोचेल, नाही पोचला तर पुढे सरकतील. सत्तावीस वर्षं मी दर शिमग्याला मागच्या खोलीत वायरी धरून बसलोय. मला एकदा बाहेर, माणसांत उभं राहून, हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचंय.

तुझा,
रावजी